काखेतला घाम, तुरटी आणि कर्करोगाची धास्ती

"डॉक्टर, काखेत रोल-ऑन लावला की स्तनाचा कर्करोग होतो म्हणतात, ते खरं का?" हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. कॉलेजात जाणाऱ्या मुली विचारतात, त्यांच्या आया विचारतात. दोष दिला जातो तो या प्रसाधनांतल्या अॅल्युमिनियमच्या क्षाराला. तेव्हा हा क्षार काय करतो आणि त्याला किती भ्यावे, हे आज पाहू.

घामाला वास का येतो?

आपल्या शरीरात घर्मग्रंथी दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार जवळजवळ सर्वांगावर पसरलेला आहे. त्यातून पाणी आणि मीठ बाहेर पडते व अंग थंड राहते. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी मुख्यत्वे काखेत आणि जांघेत असतात. मूल वयात येऊ लागले की त्या काम करू लागतात. त्यांचा घाम किंचित दाट असतो. ताज्या घामाला वास जवळपास नसतोच. त्वचेवरचे जंतू या घामातील पदार्थांचे विघटन करतात आणि मग दुर्गंधी सुटते.

बाजारात यावर दोन प्रकारची प्रसाधने मिळतात. डिओडरंट वास झाकतो किंवा जंतूंची वाढ रोखतो. घाम मात्र येतच राहतो. अँटिपर्स्पिरंट घामच कमी करतो आणि त्यासाठी त्यात अॅल्युमिनियमचा क्षार असतो. नुसत्या सुगंधी फवाऱ्यांत बहुधा तो नसतो, रोल-ऑनमध्ये बऱ्याचदा असतो. वेष्टनावरील घटकांची यादी वाचली की उलगडा होतो. 'अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट' हे नाव तेथे दिसेल.

हा क्षार घामात विरघळतो आणि घर्मग्रंथीच्या तोंडाशी त्याचे बुळबुळीत बूच तयार होते. त्वचेचा वरचा थर झडतो तसे हे बूचही काही दिवसांत निघून जाते. युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत १९०३ साली अॅल्युमिनियम क्लोराइडचे असे औषध विक्रीस आले. ते आम्लधर्मी असल्यामुळे त्वचेची आग होई आणि कपडेही खराब होत. पुढे सौम्य क्षार आले.

आपल्या घरातली तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. गढूळ पाण्यात आपण ती फिरवतो, दाढीनंतर गालावर लावतो. 'नैसर्गिक' म्हणून महागात विकल्या जाणाऱ्या स्फटिकाच्या कांड्याही बहुधा तुरटीच्याच असतात. म्हणजे अॅल्युमिनियम टाळण्यासाठी जो पैसे मोजतो, तो पुन्हा अॅल्युमिनियमच विकत घेतो!

भीती कितपत खरी?

पहिला समज असा, की घाम अडला की शरीरातील विष आत साठते. शरीरातील टाकाऊ पदार्थ बाहेर काढण्याचे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. शिवाय काखेतला घाम एकूण घामाचा अगदी थोडा भाग असतो. तो थांबल्याने अंगात काही साठत नाही.

दुसरी शंका अशी, की त्वचेतून अॅल्युमिनियम रक्तात जाते का? जाते, पण अत्यल्प. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लावलेल्या अॅल्युमिनियमपैकी सुमारे ०.०१२ टक्के, म्हणजे दहा हजार भागांतला जेमतेम सव्वा भाग शरीरात शिरला. हा प्रयोग दोनच व्यक्तींवर झाला होता. त्यानंतर अधिक माणसांवर मोजमापे झाली. युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीने २०२० साली ती तपासली आणि फवाऱ्याखेरीज इतर प्रकारांत ६.२५ टक्क्यांपर्यंत अॅल्युमिनियम सुरक्षित असल्याचे मत दिले.

तिसरा मुद्दा कर्करोगाचा. स्तनाच्या गाठी काखेकडच्या वरच्या भागात जास्त आढळतात, हे खरे आहे. त्याचे साधे कारण असे, की स्तनाच्या ग्रंथींचा भागच तेथे सर्वाधिक असतो. अमेरिकेत २००२ साली कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत या प्रसाधनांचा संबंध आढळला नाही. २०१७ साली ऑस्ट्रियातील एका लहान अभ्यासात मात्र तरुणपणापासून दिवसातून अनेकदा वापरल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांत धोका जास्त दिसला. हे प्रमाण रुग्ण स्त्रियांनी आठवून सांगितलेले होते, त्यामुळे तेवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. आजवरचा पुरावा पाहता या प्रसाधनांनी कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही.

कोणी जपावे?

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे क्षार वापरू नयेत. शरीरात शिरलेले अॅल्युमिनियम मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. १९७०च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातील अॅल्युमिनियममुळे काही रुग्णांच्या मेंदूला आणि हाडांना गंभीर इजा झाली होती. आता ते पाणी शुद्ध करूनच वापरतात.

इतरांनी एवढे पाळावे. रात्री झोपताना, कोरड्या काखेत लावावे, म्हणजे गुण चांगला येतो. केस काढल्यावर लगेच किंवा त्वचा फुटलेली, चिघळलेली असताना लावू नये. पुरळ उठले, खाज सुटली तर बंद करावे. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत काहीही लावू नये, कारण क्षाराचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. आणि रोजची आंघोळ, काख कोरडी ठेवणे, सुती कपडे, ही बिनखर्चाची औषधे विसरू नयेत.

खरा धोका कोठे आहे?

एका चाळिशीतल्या बाईंना स्तनात गाठ लागली. रोल-ऑनमुळेच झाली असे समजून त्यांनी तो टाकून दिला, काखेला हळद-चंदन लावले आणि पाच महिने वाट पाहिली. गाठ दुखत नव्हती, म्हणून घरातही बोलल्या नाहीत. दवाखान्यात आल्या तेव्हा काखेतही दुसरी गाठ आली होती. रोल-ऑनने त्यांचे काही बिघडवले नव्हते. बिघडवले ते त्या पाच महिन्यांनी.

भारतीय स्त्रियांत आज स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि बऱ्याच जणी उशिरा येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. त्यातील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र नाही, परदेशी औषध नाही, फक्त शिकलेला हात.

म्हणून भगिनींनो, स्तनात किंवा काखेत नवी गाठ, कातडीवर खळगा, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण तो निर्णय तपासणीनंतरच होतो. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. लाज बाळगू नका, सासू, जाऊ, शेजारीण कोणालाही सोबत घ्या. रोल-ऑन वापरायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडा. तपासणी मात्र आवडीवर सोडू नका.