नेटवर्क गेलं, गाणं मात्र चालूच!

प्रश्न : गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला एसटीने येत होतो. कानात इयरफोन होते, फोनमध्ये साठवलेली गाणी ऐकत होतो. मधेच नेटवर्कच्या रेघा गेल्या आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर सिमचा पिन मागणारी चौकट आली. पिन टाकला, नेटवर्क आलं. पण या सगळ्यात फोन बंद पडला नाही. गाणंसुद्धा थांबलं नाही. सिमचा पिन तर फोन नव्याने चालू केल्यावर विचारतात ना? मग अर्धाच फोन बंद पडून पुन्हा चालू होतो, असं काही असतं का? फोन दुरुस्तीला द्यावा का? माझी मुलगी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिलाही उलगडा झाला नाही, म्हणून दोघांच्या वतीने विचारतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा तर्क बरोबर दिशेने चालला आहे. आधी एक शंका दूर करू. वाटेतल्या खंबाटकी घाटात नुसती रेंज गेली असती, तर पिन विचारला गेला नसता. पिन विचारला, याचा अर्थ फोनचं सिमशी बोलणं पहिल्यापासून सुरू झालं. सिम खाचेत सैल बसलं असेल तरी असं होतं, म्हणून ते एकदा काढून नीट बसवा. सिम पक्कं असेल, तर तुमच्या फोनचा मोडेम क्रॅश झाला आणि त्याला पुन्हा उठवण्यात आलं, हेच कारण सगळ्यांत जास्त जुळतं.

फोन हे आपल्याला एक यंत्र वाटतं, पण त्याच्या मुख्य चिपवर अनेक प्रोसेसर शेजारी शेजारी नांदत असतात. मुख्य प्रोसेसरवर लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आणि त्याच्यावर अँड्रॉइड चालतं. टॉवरशी आणि सिमशी बोलणारा मोडेम वेगळा, आवाजाचं काम बघणारा वेगळा, वाय-फायचा आणखी वेगळा. यातल्या प्रत्येकाचा स्वतःचा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. बऱ्याच जणांची स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीमही असते. क्वालकॉमच्या अनेक चिपांमध्ये मोडेम आणि आवाज ही दोन कामं हेक्झागॉन जातीच्या दोन वेगवेगळ्या प्रोसेसरांवर चालतात. मोडेम पडला तरी गाणं थांबलं नाही, ते यामुळे. तुम्ही त्या क्षणी कॉलवर असता, तर कॉल मात्र तुटला असता.

या दुय्यम प्रोसेसरांना चालू करणं, थांबवणं आणि पडल्यावर उठवणं यासाठी लिनक्स कर्नलमध्ये रिमोटप्रॉक नावाची यंत्रणा आहे. ती २०१२ साली कर्नलच्या ३.४ या आवृत्तीत आली. ओहाद बेन-कोहेन यांनी ती मांडली, तेव्हा समोर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप-४ ही चिप होती. तिच्यात लिनक्स चालवणारे दोन कॉर्टेक्स-ए९, त्यांच्या जोडीला दोन कॉर्टेक्स-एम३ आणि एक डीएसपी (सिग्नल प्रोसेसर), असे पाच जण होते. त्याआधी प्रत्येक कंपनी हे काम आपापल्या पद्धतीने करत असे. पडलेल्या प्रोसेसरला उठवण्याची सोय त्याच वर्षी या यंत्रणेत दाखल झाली.

प्रोसेसर पडला, हे कळतं कसं?

तीन वाटांनी. पहिली वाट मेमरीची. मोडेमला वापरायला ठरावीक मेमरी आखून दिलेली असते. त्याच्या प्रोग्राममध्ये गडबड होऊन त्याने हद्दीबाहेरचा पत्ता मागितला, की आयओएमएमयू नावाचं हार्डवेअर ती मागणी अडवतं आणि मुख्य प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा, जातो. दुसरी वाट वॉचडॉगची. वॉचडॉग म्हणजे उलटी मोजणी करणारा टायमर. प्रोग्राम धडधाकट असला की तो ही मोजणी वेळोवेळी नव्याने सुरू करून देतो. तोच कुठे अडकून बसला, की मोजणी शून्यावर येते आणि बोभाटा होतो. तिसरी वाट कबुलीची. आपल्या आत नको ते घडलंय, हे फर्मवेअरलाच कळतं. ते स्वतःहून थांबतं, दोघांना वाचता येईल अशा सामायिक मेमरीत कारण लिहून ठेवतं आणि मग इंटरप्ट पाठवतं. क्वालकॉमच्या चिपांसाठी लिहिलेला ड्रायव्हर हे कारण उचलून कर्नलच्या लॉगमध्ये टाकतो. रिमोटप्रॉकमध्ये सुरुवातीला पहिल्या प्रकारचीच नोंद होत असे, बाकीचे दोन प्रकार नंतर जोडले गेले.

इंटरप्ट आल्या आल्या लगेच दुरुस्तीला लागता येत नाही. इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला क्षणार्धात मोकळं व्हावं लागतं, त्याला कशाचीही वाट बघत थांबायची मुभा नसते. उठवण्याच्या कामात तर स्टोरेजमधून फर्मवेअरची फाइल वाचावी लागते. म्हणून इंटरप्टमध्ये फक्त वर्दी घेतली जाते आणि खरं काम रांगेत लावलं जातं. इथे दोन बारकावे सांभाळलेले आहेत. काम पूर्ण होईपर्यंत फोनला झोपू दिलं जात नाही, नाहीतर खिशातला फोन मधेच झोपायचा आणि मोडेम तसाच पडून राहायचा. शिवाय एकाच पडझडीच्या दोन-तीन वर्द्या आल्या, तर पहिलीच धरली जाते. नाहीतर एक काम अर्धवट असताना दुसरं सुरू होऊन सगळा घोळ झाला असता.

मग उठवणं म्हणजे रीस्टार्टच ना?

नाही, आणि मला सगळ्यांत जास्त तळमळीने सांगायचं आहे ते हेच. बंद करून चालू करणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते पडलेल्यावर विसंबून असलेल्या प्रत्येकाला आधी मोकळं करणं. बिघाड काढल्यावर वायरमन लगेच फ्यूज बसवत नाही. लाइनवर कुणी चढलेलं नाही ना, हे आधी बघतो. कर्नललाही तेच करावं लागतं.

मोडेम पडतो त्या क्षणी काय परिस्थिती असते बघा. मुख्य प्रोसेसरवरच्या एखाद्या प्रोग्रामने मोडेमला काहीतरी विचारलेलं असतं आणि तो उत्तराची वाट बघत झोपलेला असतो. ते उत्तर आता कधीच येणार नाही. त्याला उठवून ‘काम झालं नाही’ असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो जन्मभर झोपून राहील आणि त्याच्यासाठी थांबलेले बाकीचेही अडकतील. दोघांमध्ये निरोपांची देवाणघेवाण करण्यासाठी सामायिक मेमरीत रांगा आखलेल्या असतात, त्यांत अर्धे लिहिलेले निरोप पडून असतात. हे जुने निरोप नव्याने उठलेल्या मोडेमच्या हाती लागले, तर तो उठता उठता पुन्हा पडेल. शेजारच्या प्रोसेसरांनाही खबर द्यावी लागते. कॉलचा आवाज मोडेम आणि आवाजाचा प्रोसेसर मिळून वाहून नेतात. एक गेला हे दुसऱ्याला कळलंच नाही, तर तोही गोत्यात येईल.

म्हणून ठरलेला क्रम असा. मोडेमला जोडलेली छोटी-मोठी खाती ज्या क्रमाने सुरू झाली होती, त्याच्या उलट क्रमाने बंद करायची. बंद करताना त्या प्रत्येकाला सांगायचं, की हा नेहमीचा थांबा नाही, क्रॅश आहे. म्हणजे समोरच्याचा निरोप घेण्यात कुणी वेळ घालवत नाही. मग प्रोसेसरला थांबवायचं. त्यानंतर त्याच्या मेमरीची नक्कल काढायची. शेवटी फर्मवेअर फाइलमधून पुन्हा कोरं भरायचं आणि सगळं सुलट क्रमाने सुरू करायचं. मेमरीत आधीच असलेलं फर्मवेअर चालत नाही, कारण बिघाडात त्यातलं काय बदललं याचा भरवसा नसतो. क्वालकॉमच्या फोनांत मोडेमचं फर्मवेअर कंपनीच्या सहीचं असतं आणि दर वेळी भरताना ती सही तपासली जाते. मोडेम शून्यातून उठला, म्हणून त्याने सिमशीही पहिल्यापासून ओळख काढली. तुमच्या स्क्रीनवरची ती चौकट तिथून आली.

क्रमातली मेमरीची नक्कल फार मोलाची असते. का पडला, याचा एकुलता एक पुरावा त्या मेमरीत असतो आणि नवं फर्मवेअर भरलं की तो पुसला जातो. नक्कल घेतली तर लिनक्स ती एका तात्पुरत्या फाइलच्या रूपात समोर ठेवतं आणि कुणी उचलली नाही, तर ५ मिनिटांनी टाकून देतं. फार मोठी मेमरी असेल, तर आधी नक्कल वाचून होऊ द्यायची आणि मगच प्रोसेसरला उठवायचं, असाही पर्याय आहे. मूळ लिनक्समध्ये ही नक्कल घेणं मुळात बंद ठेवलेलं असतं. नक्कल काढण्यात वेळ जातो. शिवाय मोडेमच्या मेमरीत तुमच्या कॉलचे आणि संदेशांचे तुकडेही असू शकतात. ते कुणाच्याही हाती जाऊ नयेत.

ही युक्ती सगळीकडे चालते का?

नाही. तिला काही अटी आहेत. पडणाऱ्याने मुख्य प्रोसेसरची मेमरी आधीच खराब केली असेल, तर पूर्ण यंत्र रीस्टार्ट करण्यावाचून गत्यंतर नसतं. क्वालकॉमच्या जुन्या अँड्रॉइड कर्नलमध्ये प्रत्येक दुय्यम प्रोसेसरसाठी ही निवड करता येत असे : पडला तर त्याच्यापुरतं उठवायचं, की अख्खी चिप रीस्टार्ट करायची. कारखान्यातल्या यंत्रात दुय्यम प्रोसेसर मोटर फिरवत असेल, तर तो पडल्यावर मोटर सुरक्षित स्थितीत थांबवण्याची तजवीज हार्डवेअरमध्येच हवी. तिथे लिनक्स वर्दी घेईपर्यंत थांबायला वेळ नसतो. काही चिपांमध्ये दुय्यम प्रोसेसर लिनक्सच्याही आधी चालू होतो आणि पडल्यावर स्वतःच उठतो. अशा वेळी लिनक्सने त्याला न छेडता फक्त पुन्हा जोडून घ्यायचं, ही सोय २०२२ साली आली.

सगळ्यांत मोठा धोका मात्र या यंत्रणेच्या यशात आहे. ती इतकी बेमालूम काम करते, की दोष वर्षानुवर्षं झाकला जातो. मोडेम रोज पडतो, रोज उठतो, वापरणाऱ्याला वाटतं रेंजच वाईट. कर्नल हा कितवा क्रॅश आहे, याची मोजदाद ठेवतो. ती बघायची सवय इंजिनिअरने लावून घेतलीच पाहिजे. उत्पादन तयार होत असताना प्रयोगशाळेत आपोआप उठवणं बंदच ठेवावं. प्रोसेसर पडला की काम थांबावं आणि कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. गिऱ्हाइकाच्या हाती जाताना ते सुरू करावं.

मुलीला हे करून बघता येईल का?

जरूर येईल. बीगलबोन ब्लॅक किंवा एसटीएम३२एमपी१ चिपचा बोर्ड कॉलेजमध्ये असला, तर तिथे रिमोटप्रॉकवर चालणारे दुय्यम प्रोसेसर आहेत. कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सिसएफएसमध्ये रिमोटप्रॉकच्या फोल्डरात ‘स्टेट’ नावाची फाइल असते. ती वाचली की प्रोसेसर चालू आहे, बंद आहे की पडला आहे, ते दिसतं. दोष शोधण्यासाठी असलेल्या डीबगएफएसमध्ये ‘क्रॅश’ नावाची फाइल असते. तिच्यात १ लिहिलं, की वॉचडॉगने वर्दी दिल्याचं नाटक सुरू होतं. मग कर्नलच्या लॉगमध्ये एकाखाली एक ओळी उमटतात : क्रॅश आढळला, प्रकार वॉचडॉग, पहिला क्रॅश हाताळत आहे, प्रोसेसर थांबवला, प्रोसेसर चालू झाला. हे जमलं, की दुय्यम प्रोसेसरशी निरोपांची देवाणघेवाण करणारा छोटा प्रोग्राम तिने लिहावा आणि ऐन देवाणघेवाणीत क्रॅश घडवावा. प्रोग्राम नीट सावरला, तर विषय हाताखालून गेला असं समजा.

आता फोनचं. एकदा असं झालं तर फोन दुरुस्तीला देण्याची गरज नाही. सिस्टीम अपडेट आलं असेल तर घ्या, कारण मोडेमचं फर्मवेअरही बहुधा त्यातूनच येतं. पुन्हा पुन्हा होऊ लागलं, तर तारीख, वेळ, ठिकाण आणि पिन विचारला की नाही, एवढं लिहून ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला तो कागद दाखवा. ‘नेटवर्क अधूनमधून जातं’ एवढ्या तक्रारीवरून कुणालाच काही शोधता येत नाही. पिन विचारल्याची नोंद असली, की शोध सिम आणि मोडेमपासून सुरू करता येतो.