सिंक घेताना आधी मिठाचा विचार करा

रत्नागिरीत आम्ही घर घेतलं तेव्हा ओट्यात स्टीलचं सिंक बसवलेलंच होतं. चकचकीत, नवंकोरं. थोड्याच पावसाळ्यांत जाळीच्या कडेला तांबूस ठिपके दिसायला लागले. घासले की जायचे, पण बोट फिरवलं की टाचणीच्या टोकाएवढे खळगे हाताला लागायचे. पुढे त्यातल्याच एका खळग्यातून पाणी झिरपलं आणि खालच्या कपाटाचं प्लायवूड फुगलं. सिंक ग्रॅनाइटच्या खालून बसवलेलं, त्यामुळे ते काढताना ओटाही उचकटावा लागला. नव्या सिंकपेक्षा गवंड्याचाच खर्च जास्त झाला. ही पाळी इतर कुणावर येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे सिंकचा खरा वैरी मीठ. ते खाऱ्या वाऱ्यात आहे, बांगडे-सुरमई धुतलेल्या पाण्यात आहे, आणि कोकमाच्या आगळात तर मीठ आणि आंबट दोन्ही एकत्र. स्टीलला गंज चढत नाही तो त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं आणि तिथून स्टील आत पोखरत जातं.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न ग्रेडचा विचारा. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल बरंच कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. शेजारी ठेवली तर दोन्ही सारखीच दिसतात. लोहचुंबक लावून दाखवला तर त्यावर विसंबू नका, कारण २०२ लाही तो सहसा चिकटत नाही. सिंकवरचा शिक्का पाहा आणि पक्क्या बिलावर ‘३०४’ लिहून घ्या. घर अगदी किनाऱ्याला असेल आणि परवडत असेल तर ३१६ घ्या. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत जास्त टिकाव धरतं.

दुसरी गोष्ट जाडीची. ती मिलिमीटरमध्येच विचारा, कारण गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड, आणि तिथेच गोंधळ होतो. पत्रा किमान १ मि.मी. हवा.

मापासाठी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं मोजून जा. गणपतीत तेच घासायचं असतं. ते आडवं मावत नसेल तर दोन कप्प्यांचं सिंक काय कामाचं? खोली ८-९ इंच पुरते. त्याहून खोल घेतलं तर भांडी घासणाऱ्याची कंबर धरते. जाळीची वाटी मोठी आणि उचलता येणारी हवी, नाहीतर माशाची खवलं आणि नारळाचा चोथा थेट पाइपात जाऊन बसतो.

चांगलं सिंकही निगा मागतं. मासळी किंवा आगळाची भांडी धुतल्यावर सिंकवर गोडं पाणी फिरवा आणि रात्री फडक्याने कोरडं करा. ओला लोखंडी तवा, विळी त्यात ठेवू नका. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड तर सिंकच्या जवळही नको.

ग्रेड, जाडी, माप आणि मग रूप, हाच क्रम ठेवा. पैसे कमी पडले तर सिंक लहान घ्या, दुसरा कप्पा सोडा, पण ग्रेडमध्ये तडजोड करू नका.