जुन्या जीपचे ‘फोर बाय फोर’ : गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी हे तपासा

सातपुड्यातील बाजारांवर ज्यांचा धंदा चालतो त्यांच्यासाठी गाडी ही हौसेची चीज नाही, ती चालते दुकानच आहे. आम्ही रनाळ्याचे कापडवाले. नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्यामधले आमचे गाव तापीच्या दक्षिणेला सपाटीवर आहे. गिऱ्हाईक मात्र तापीपलीकडे डोंगरात आहे. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो आणि अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोईचा. डांबरी सडकेवर कोणतीही गाडी चालेल. पण पाड्याकडे वळणारी कच्ची वाट, नाल्याचा उतार आणि पावसात चाकाला चिकटणारी काळी माती, इथे चारही चाकांचा जोर लागतो. म्हणूनच आपल्या भागातील बरेच व्यापारी भांडवल जपत जुनी जीप, कमांडर, मार्शल किंवा बोलेरो घेतात.

अशा गाडीबद्दल कानावर येणारी तक्रार बहुधा एकच असते : ‘फोर व्हील लागत नाही.’ आणि त्यावर सुचवला जाणारा इलाजही बहुधा एकच असतो : ‘ट्रान्सफर केस खोलावी लागेल.’ ती खोलली की आठ दिवस गाडी उभी. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजाराच्या वेळी हे घडले तर त्या मोसमाची कमाईच गेली. म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. बिघाड बाहेरून आत शोधावा, आणि ज्या तपासणीला पैसा लागत नाही ती आधी करावी. कापडात दोष दिसला तर आपण सगळे थान फाडून पाहत नाही. आधी काठ पाहतो, मग घडी उलगडतो. गाडीचेही तसेच आहे.

जोर कुठून कुठे जातो?

१९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने एक कंपनी सुरू झाली. त्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले व तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. या कंपनीने अमेरिकेच्या विलीज जीपचे भाग इथे जोडून विकण्यास सुरुवात केली. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांची फोर व्हीलची रचना त्याच घराण्यातली आहे. ती साधी आहे, म्हणून समजून घेता येते.

इंजिनाचा जोर क्लचमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून ट्रान्सफर केसमध्ये येतो. ट्रान्सफर केसमधून दोन प्रोपेलर शाफ्ट निघतात, एक मागे आणि एक पुढे. प्रत्येक शाफ्ट आपापल्या डिफरन्शियलला फिरवतो आणि तिथून एक्सलमार्फत चाक फिरते. पुढच्या चाकांवर काही गाड्यांना फिरवून लॉक करायचे हब असतात. ते ‘फ्री’वर असतील तर लिव्हर कितीही ओढा, पुढचा एक्सल आतल्या आत फिरेल आणि चाक त्याच्याशी जोडले जाणार नाही.

जे बिघाड नाहीत, ते आधी ओळखा

पहिली गोष्ट. या गाड्यांत फोर व्हील टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. मातीवर चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तो भरून निघत नाही. सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो, स्टेअरिंग जड होते आणि लिव्हर जागेवरून हलत नाही. याला बिघाड समजून हातोडी घेऊ नये. गाडी सरळ रेषेत काही हात मागे घ्यावी, शक्यतो मातीवर. ताण सुटतो आणि लिव्हर निघते. कोरड्या पक्क्या सडकेवर फोर व्हील लावूच नये, हा यातला धडा.

दुसरी गोष्ट. डिफरन्शियल आपल्या दोन चाकांपैकी जे हलके असेल त्याला फिरू देते. नाल्यात गाडी तिरकी अडकली आणि पुढचे डावे व मागचे उजवे चाक अधांतरी झाले, तर तीच दोन चाके गरगर फिरतील आणि गाडी जागची हलणार नाही. फोर व्हील ठीक असूनही असे होते. फिरणाऱ्या चाकाखाली दगड भरावेत, गठ्ठे दुसऱ्या बाजूला सरकवावेत.

तिसरी गोष्ट. जुन्या दोन लिव्हरच्या जीपमध्ये पुढचा एक्सल जोडल्याशिवाय ‘लो’ गिअर पडतच नाही. ही कंपनीने मुद्दाम ठेवलेली अडवणूक आहे, कारण लोचा सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर येऊ नये. आधी गाडी थांबवा, क्लच दाबा, फोर व्हील लावा आणि मग लो टाका.

टायर आणि रेशो

यानंतर चारही टायर पाहावेत. बरेच जण मागे नवे टायर टाकतात आणि पुढे घासलेले चालवतात. समजा दोन टायरांच्या त्रिज्येत एका सेंटिमीटरचा फरक आहे. म्हणजे एका फेऱ्यात सुमारे सव्वासहा सेंटिमीटरचा फरक पडला. सव्वादोन मीटर घेराचे चाक धरले तर एक किलोमीटरला तो २८ मीटरच्या आसपास जातो. पुढचा शाफ्ट मागच्याला बांधलेला आहे, मग हे २८ मीटर जाणार कुठे? टायर घासून, नाहीतर गिअर आणि क्रॉस यांच्या जिवावर. फोर व्हीलमध्ये सरळ चालतानाही गाडी अडखळत असेल तर आधी टायरांवर खडूने खूण करावी, गाडी सरळ चालवून चाकांचे दहा फेरे मोजावेत आणि प्रत्येक चाकाने कापलेले अंतर मापून पाहावे.

जुनी गाडी घेणाऱ्याने आणखी एक तपासणी अवश्य करावी. भंगारातून आणलेला एक्सल बसवलेल्या गाड्या बाजारात सापडतात. जीपच्या घराण्यात क्राउन-पिनियनचे वेगवेगळे रेशो आले आहेत, जसे ४.२७, ४.८८, ५.३८. पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ असेल तर दोन्हींत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. अशी गाडी साध्या चालीत छान चालते, पण फोर व्हील लावले की स्वतःशीच झगडते.

रेशो मोजणे सोपे आहे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, फोर व्हील काढलेले. पुढचे एक चाक जॅकने उचला, दुसरे जमिनीवर राहू द्या, हब लॉक करा. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात पुढचा प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. पाचला थोडे कमी असेल तर ४.८८, पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त असेल तर ५.३८. मग मागच्या चाकावर हेच करा.

जॅक लावताना

मागचे चाक उचलताना सावध राहा. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नसून प्रोपेलर शाफ्टला असतो. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे तो ब्रेक गाडी धरून ठेवत नाही. रेशो मोजण्यासाठी तर हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय काही करू नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये, लोखंडी घोडी लावावी. फोर व्हील लागलेले असताना, चाक उचललेले असताना इंजिन सुरू करून गिअर टाकू नये, कारण जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून खेचून पाडतील. गाडी दुरुस्त होईल, माणूस होणार नाही.

हब की ट्रान्सफर केस?

आता मुख्य तपासणी. इंजिन बंद ठेवून पुढचे एक चाक उचला, दोन्ही हब लॉक करा आणि लिव्हर फोर व्हीलमध्ये टाका. आता उचललेले चाक हाताने फिरवून पाहा. थोडीशी ढिलाई सोडली तर ते फिरता कामा नये. फिरले नाही, तर जोर इंजिनापासून चाकापर्यंत जोडला जातो आहे. फिरले, तर खाली वाकून पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे पाहा.

चाकाबरोबर शाफ्टही फिरतो आहे, याचा अर्थ ट्रान्सफर केसने त्याला धरलेले नाही. इथेही लगेच ट्रान्सफर केस खोलू नका. लिव्हरपासून आत जाणारा दांडा वाकला आहे का, बुश झिजल्यामुळे लिव्हर पूर्ण अंतर जात नाही का, ते आधी पाहा. बटणाने फोर व्हील लागणाऱ्या गाडीत फ्यूज, वायरिंगची सॉकेटे आणि हबकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी पाहा. रबराची नळी उन्हाने तडकते.

चाक फिरते आहे पण शाफ्ट स्थिर आहे, तर ट्रान्सफर केस निर्दोष आहे. दोष हब, एक्सल किंवा क्राउन-पिनियनमध्ये आहे. इथे एक बारकावा आहे. पुढचे डिफरन्शियल मोकळ्या बाजूला जोर देते, हे आपण वर पाहिले. म्हणून एका बाजूचा हब धरत नसेल तर सगळी फिरत त्याच बाजूला वाया जाते आणि दुसरे, चांगल्या हबचे चाकही निकामी होते. एक हब खराब म्हणजे पुढची दोन्ही चाके गेली. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला एका गॅरेजमध्ये ट्रान्सफर केस बदलण्याचा सल्ला मिळाला होता. दुसऱ्या कारागिराने हबचे झाकण काढून पाहिले. चाक फिरत होते आणि मधला एक्सलचा दांडा जागेवर होता. वाळलेल्या ग्रीसमध्ये हबची सरकती चकती अडकली होती. धुऊन, नवे हलके ग्रीस लावून काम झाले. दोन्ही बाजूंची झाकणे काढून पाहण्यास अर्धा तासही लागत नाही. ज्या गाडीत असे हब नाहीत, चाके कायमची जोडलेली आहेत, तिथे ही पायरी सोडून एक्सल पाहावा.

आवाज आणि तेल काय सांगतात?

फोर व्हील लागते पण चढावर जोर येताच सुटून जाते, अशीही तक्रार असते. यात आधी गिअरबॉक्सखालचे माउंटिंग रबर पाहावे. ते फाटले असेल तर जोर पडताच सगळा सांगाडा हलतो आणि लिव्हर ओढली जाते. रबर ठीक असेल तर दांड्याला खाचेत धरणारी गोळी व स्प्रिंग पाहावी. आतले गिअर झिजले असतील हा संशय त्यानंतरचा.

वळताना पुढून टकटक आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट पाहावा. गाडी उचलताना ‘खट्’ झाले तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून पाहावेत. शाफ्ट खोलला असेल तर जोडताना दोन्ही टोकांचे दुबेळके एका ओळीत यायला हवेत, नाहीतर नवे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते.

तेल तर बिघाडाचा रोजमेळच आहे. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सल यांचे तेल वेगवेगळे तपासावे. गिअरबॉक्सचे तेल कमी आणि ट्रान्सफर केसचे जास्त झाले असेल तर मधले सील गेले आहे. तेलात राखाडी लुगदीसारखा बारीक कीस असणे ही नेहमीची झीज आहे. धातूचे तुकडे मिळाले तर मात्र खोलावेच लागेल. तेल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. तापलेला एक्सल नाल्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. वाफ जाण्याचे छोटे छिद्र चिखलाने बुजले असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. ते छिद्र साफ ठेवावे आणि असे तेल त्याच आठवड्यात बदलावे.

घाट उतरताना

हे सर्व केवळ अडकलेली गाडी काढण्यासाठी नाही. माल भरून कच्च्या घाटाने उतरताना लो गिअरमध्ये इंजिन चारही चाकांना धरते आणि ब्रेक तापत नाहीत. हब धरत नसेल तर चालकाला वाटते फोर व्हील लागले आहे, आणि प्रत्यक्षात मागची दोनच चाके धरलेली असतात. हा गैरसमज उतारावर कळणे महाग पडते. फोर व्हीलमुळे ब्रेक चांगले लागतात, हाही गैरसमजच आहे. ओल्या सडकेवर थांबायला तेवढेच अंतर लागते.

व्यापारी आणि कारागीर दोघांसाठी

व्यापारी बांधवांनी महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर व्हील लावून गाडी चालवावी. वर्षभर न वापरलेली लिव्हर नेमकी पहिल्या पावसात अडकते. गाडी विकताना दोष असेल तर तो सांगून विकावी. थानातला डाग दाखवून भाव कमी करणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक परत येते.

तरुण मिस्त्रींना आमचे सांगणे असे की, या तपासणीलाच धंदा समजा. मृगापूर्वी, मे महिन्यात, ठरावीक मजुरी घेऊन गाडीचे टायर, हब, लिव्हर, क्रॉस आणि चारही ठिकाणचे तेल तपासून द्या आणि काय आढळले ते कागदावर लिहून द्या. ज्याची गाडी खोलण्याची गरज नाही त्याला तसे साफ सांगा. त्या दिवशी तुमची कमाई थोडी कमी होईल, पण पुढच्या मे महिन्यात तोच माणूस दुसऱ्या दोघांच्या गाड्या घेऊन तुमच्या दारात येईल.