‘एआय’च्या जागेसाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी

प्रवेशाचा हंगाम आला की भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे ‘एआय’ची शाखा नागपुरात मिळेल की मुलाला पुण्याला पाठवावे लागेल, परंतु शाखेच्या नावावर नोकरी मिळते ही समजूतच चुकीची असून तिच्यापायी व्यवस्थापन कोट्यातील जागेसाठी धानाचे शेत गहाण टाकणे हा निव्वळ अविचार होय. अभियांत्रिकी, बीसीए किंवा तंत्रनिकेतनातील पदविका यांपैकी कोणताही मार्ग चालतो. खरी उणीव असते ती चालू प्रणाली समजून घेण्याच्या सवयीची, आणि ती लावणारा एक दुर्लक्षित विषय म्हणजे लॉग.

लॉग म्हणजे प्रोग्रामने चालता चालता स्वतःविषयी केलेली नोंद: कोणी प्रवेश केला, कोणता व्यवहार फसला, डिस्क कधी भरली. ही नोंद त्याच यंत्रावर राहिली तर यंत्राबरोबर पुरावाही जातो आणि घुसखोरालाही ती पुसता येते, म्हणून ती नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरकडे धाडली जाते. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल-प्रणालीसोबत विकसित केलेली सिसलॉग ही पद्धत आजही त्यासाठी वापरात आहे. तिच्या संदेशाच्या आरंभी कोनीय कंसात एक आकडा असतो; तो ३४ असल्यास त्याला ८ ने भागावे, म्हणजे भागाकार ४ वरून नोंद सुरक्षेसंबंधीची असल्याचे आणि बाकी २ वरून प्रसंग गंभीर असल्याचे कळते.

संदेश यूडीपी या नेटवर्क-पद्धतीने पाठवला तर तो साध्या टपालासारखा जातो, त्याची पोच येत नाही. टीसीपी ही दुसरी पद्धत पोच घेते, तरीही जोडणी तुटताना वाटेतले संदेश हरवू शकतात. शिवाय पलीकडचा सर्व्हर अडला आणि प्रोग्राम त्याची वाट पाहत राहिला, तर नोंदीपायी मूळ कामच खोळंबते, म्हणून संदेशांची रांग आधी डिस्कवर साठवावी लागते. हे शिकण्यासाठी दोन जुने संगणक, एक केबल आणि आरसिसलॉग हे मोफत सॉफ्टवेअर पुरते: क्रमांक घातलेले १००० संदेश पाठवावेत, मध्येच केबल काढून पुन्हा जोडावी आणि पलीकडे कोणते क्रमांक पोहोचले नाहीत व का, हे वहीत लिहावे.

लॉग जपण्याच्या या कामाला कायद्याचेही पाठबळ आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्या, सेवा पुरवठादार आणि शासकीय संस्था यांना १८० दिवसांचे लॉग जपणे बंधनकारक केले आहे.

शेजारच्या मुलाने घेतलेली शाखा आपल्या मुलावर लादणाऱ्या पालकांनी एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी की नावडत्या शाखेत चार वर्षे काढणाऱ्या मुलाला घरच्या कर्जाचे ओझेही रोज जाणवत असते आणि ते तो घरी बोलून दाखवत नाही. महाविद्यालय पाहायला गेल्यावर इमारत आणि पॅकेजचे फलक बाजूला ठेवून, तिथल्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला सर्व्हर स्वतः बंद पाडून पुन्हा सुरू करू देतात का, एवढे पालकांनी विचारावे, आणि उत्तर तिथे शिकणाऱ्या मुलांकडून घ्यावे.