पेशीतील पहारेकरी

सिन्नर तालुक्यातील शेतकरी उन्हाळी कांदा काढून चाळीत साठवितो. पावसाळी हवा सुरू झाली, की त्यांतील काही कांद्यांना कोंब फुटतात आणि कष्टाचे मोल घटते. या कोंबांना आवर घालण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली आपल्याच जिल्ह्यात, लासलगाव येथे, एक केंद्र उभारले. तेथे कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यांवर सोडतात. कांदा दिसायला जसाच्या तसा राहतो, किरणोत्सर्गीही होत नाही; मात्र त्याला पुढे कोंब येत नाही. असे का व्हावे?

मुलांनो, पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा अतिशय लांब, दुपेडी धागा असतो. पेशीने काय करावे, याची आज्ञापत्रे त्यावर लिहिलेली असतात. माणसाच्या एका पेशीतील असे सारे धागे सरळ करून जोडले, तर त्यांची लांबी सुमारे २ मीटर भरेल! गॅमा किरणांनी हा धागा तुटतो. तुटताच काही प्रथिने त्या टोकांना जाऊन बिलगतात व इशारा देतात. इशारा मिळताच पेशी आपले विभाजन थांबविते. कारण फाटक्या पोथीची नक्कल केली, तर नक्कलही सदोषच उतरणार. मग दुरुस्ती सुरू होते. एकच पेड तुटला असेल, तर समोरचा पेड पाहून तो सांधता येतो. दोन्ही तुटले, की काम कठीण. दुरुस्ती साधलीच नाही, तर पेशी विभाजन कायमचे सोडते, किंवा स्वतःचा शेवट करून घेते. कांद्याच्या गाभ्यातील कोवळ्या पेशींची वाढ अशीच खुंटते. बाहेरच्या पापुद्र्यांतील पेशींना विभाजन करावयाचेच नसते. त्यांचे फारसे बिघडत नाही.

आपल्या शरीरातही असा पहारा असतो. पी-५३ हे त्यातील प्रमुख प्रथिन होय. उन्हातील अतिनील किरण डीएनएला इजा करतात, तंबाखूचा धूरही करतो. सिन्नरचे नाव विड्यांमुळे दूरवर गेले. त्या धंद्यावर अनेक घरांच्या चुली पेटल्या, हे खरे. पण विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला त्याचे काय! पी-५३ च्या आज्ञापत्रालाच इजा झाली, तर बिघडलेल्या पेशीला थांबविणारा उरत नाही. कर्करोगाचा आरंभ पुष्कळदा असा होतो.

माणसाच्या पेशीत या आज्ञापत्राच्या दोन प्रती असतात. हत्तीच्या पेशीत पूर्ण व अपुऱ्या मिळून सुमारे ४० आढळतात. एवढ्या अवाढव्य देहाला कर्करोग मात्र क्वचितच होतो.