स्टिरॉइडच्या आधी रक्ताचं कल्चर

लहानपणी आलेल्या र्‍हुमॅटिक तापानं माझ्या हृदयाची मायट्रल झडप कायमची अधू केली. तरीही गेल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी अंगात कसर येऊ लागली, सांधे धरले, तेव्हा झडपेचं नाव कुणी काढलं नाही. पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठले. बोटानं दाबले तरी त्यांचा रंग जात नसे. लघवीला फेस येई. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला आणि संधिवात म्हणून स्टिरॉइडची चिठ्ठी हातात पडली.

गोळ्या घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना गाठलं, म्हणून वाचलो. त्यांनी आधी दोन्ही हातांतून रक्त काढून कल्चरला पाठवलं. त्यात एरवी तोंडात राहणारे स्ट्रेप्टोकोकाय जंतू वाढले. इकोत झडपेवर त्यांचा पुंजका दिसला.

झडपेवरून जंतू रक्तात झिरपत राहिले की शरीर प्रतिपिंडं बनवतच राहतं. त्यांतली काही एकमेकांनाच चिकटतात. आरए फॅक्टर त्यांच्यातलाच. काहींचे गठ्ठे 37 अंशांखाली थिजतात. हीच क्रायोग्लोब्युलिन. ती बारीक रक्तवाहिन्यांत आणि किडनीच्या गाळण्यांत साचतात, म्हणून ते ठिपके आणि तो फेस.

त्यांची तपासणी नाजूक असते. तंत्रज्ञानं सिरिंज आणि नळी आधी कोमट करून आणली, रक्त घेताच नळी गरम पाण्याच्या थर्मासात ठेवली आणि तो तडक लॅबकडे निघाला. वाटेत रक्त गार झालं, तर ही प्रथिनं गुठळीबरोबर खाली बसतात आणि रिपोर्ट खोटाच 'निगेटिव्ह' येतो. माझा सीरम फ्रिजमध्ये ठेवल्यावर तळाशी पांढुरका गाळ बसला. गरम करताच पुन्हा नितळ झाला.

उपाय मुळावरच करावा लागतो: शिरेतून अँटिबायोटिक, साधारण 4 ते 6 आठवडे. जंतू हटले तसे माझे ठिपके विरले, लघवी सुधारली. जंतू ओळखण्याआधीच नुसतं स्टिरॉइड घेतलं असतं, तर संसर्गाला मोकळं रान मिळालं असतं.

ज्यांची झडप अधू आहे किंवा कृत्रिम बसवलेली आहे, त्यांनी कुठल्याही डॉक्टरांपुढे बसल्यावर ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगावी. ताप रेंगाळला तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. दोन-चार गोळ्यांनीही कल्चरमध्ये जंतू सापडेनासे होतात. आणि संधिवाताचं निदान झालं, तर स्टिरॉइड सुरू होण्याआधी तोंडानं विचारा: रक्ताचं कल्चर केलंय का?