कुपीतले पेप्टाइड आणि दंडाचा घेर

चि. ओंकार,

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. इन्सुलिनही त्यातलेच, म्हणून सरसकट सगळ्यांना वाईट ठरवता येत नाही. जिममध्ये ज्यांची नावे कानावर येतात ती सीजेसी-1295 आणि इपामोरेलिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला वाढीचे संप्रेरक सोडायला लावतात. त्यातून यकृतात आयजीएफ-1 तयार होते आणि स्नायू फुगतात, असे ट्रेनर सांगतात.

संशोधन एवढे सरळ नाही. निरोगी तरुणांना थेट वाढीचे संप्रेरक देऊन झालेल्या चाचण्यांचा आढावा 2008 मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. चरबी वगळता वजन सरासरी दोन किलोंनी वाढले. ताकद वाढल्याचे दिसले नाही. वाढलेल्या वजनात अंगात साठलेले पाणीही असू शकते. सूज आणि थकवा मात्र जास्त आढळला. एमके-677 ही पिट्युटरीलाच ते संप्रेरक सोडायला लावणारी गोळी. साठीपुढच्या माणसांत वर्षभरात तिने चरबी वगळता किलोभर वजन वाढवले, ताकद नाही. रक्तातली साखर मात्र चढली. वजनकाट्याला स्नायू कोणता, पाणी कोणते हे कळत नाही, आणि विशीतली मुले काट्यावरच विश्वास ठेवतात.

दुखऱ्या खांद्यासाठी सुचवले जाणारे बीपीसी-157 हे 15 अमिनो आम्लांचे. त्यावरचे बहुतेक काम उंदरांवरचे. माणसांवरचा पुरावा अगदी तुटपुंजा. खेळांतल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेने 2022 पासून ते खेळाडूंना बंद केले आहे.

याहून मोठी काळजी कुपीत नेमके काय आहे याची. ‘फक्त संशोधनासाठी’ असे लेबल लावलेल्या पावडरीची शुद्धता कुणी तपासलेली असेलच असे नाही. मुंबई-ठाणे पट्ट्यात तर मेफेंटरमिन हे दुसरेच औषध जिमच्या मुलांना चोरून विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडले आहे. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरायचे ते औषध. व्यायामाआधी टोचले तर ताण थेट हृदयावर. कुपीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.

विशीत पिट्युटरी वाढीचे संप्रेरक फुकट देते, तेही मुख्यतः गाढ झोपेत. डोंबिवलीहून पहाटेची लोकल धरणाऱ्या मुलाची नेमकी तीच झोप बुडते. डबा, अंडी, डाळ आणि रात्री लवकर दिवा मालवणे, व्यायामासोबत एवढ्यानेही दंड भरतात, थोडे सावकाश.

इंजेक्शन आधीच घेतले असेल तरी घरात कुणी रागावणार नाही. कुपी फेकायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. सोबत यायला मी ठाण्याहून कधीही निघेन.

तुझा काका